बावन्न तास, अठरा मिनिटं

बावन्न तास, अठरा मिनिटं.
डाउनलोड करतानाच हसू आलं:
लग्नाआधी नवऱ्याशीही
एवढा वेळ बोलले नव्हते मी.

ऑगस्टच्या शेवटी इथे मसूर पिकतो.
रोझटाउनच्या दक्षिणेला जमीन इतकी सपाट
की शेजाऱ्याचा दिवा विझला
की आपल्याला जांभई येते.

कम्बाइन आपलं आपण चालतं,
वरच्या कुठल्याशा उपग्रहाचं बोट धरून, सरळ रेषेत.
मला फक्त टोकाला वळायचं असतं,
दर एकोणीस मिनिटांनी.
मधल्या वेळात मी पाणबुडीत असते.

आज सकाळी पुस्तकात कुणीतरी सगळे उपग्रह फितवले.
मी स्टिअरिंगवर हात ठेवला. उगाच.
रेषा सरळच होती.

तीनशे पात्रं आणि एकच गळा.
तोच रशियन अ‍ॅडमिरल, तीच टेक्ससची हॅकर बाई,
तोच तिचा सात वर्षांचा हट्टी मुलगा.
त्रेसष्टाव्या प्रकरणात त्याला सर्दी झाली आहे,
अ‍ॅडमिरलला नव्हे, वाचणाऱ्याला.
अख्खी पाणबुडी नाकात बोलते.
वाटलं, मध घातलेलं गरम दूध पाठवावं त्याला.

मग एक कुलूप, नुसत्या आकड्यांचं.
ते कसं बनतं याची चाळीस मिनिटं.
माझ्या मुलीने पुढे ढकललं असतं.
मी नाही. आई पावाचं पीठ मळताना अशीच सांगायची:
आधी हे, मग ते, आता थांब, मध्ये बोलू नको.
ते कुलूप मला काही उघडता येणार नाही,
पण दुसरं कुणी उघडत असेल
तर कुठे चुकतंय ते सांगेन.

दुसऱ्या कम्बाइनवर मिरोन. भाऊ.
आई गेल्यावर, ओढ्याकाठच्या तुकड्यावरून,
आमच्यात फक्त हवामान उरलं होतं.
"वारा?"
"पश्चिमेचा."
"बरं."
पुस्तक आधी त्याने घेतलं, मग मी.
तो दीडपट वेगाने ऐकतो. जेवतोही तसाच.
परवा रेडिओवर म्हणाला, "दार्का, तो लेफ्टनंट आहे ना, तो..."
"पुढचा शब्द काढलास तर ओढ्याचं पाणी तोडीन!"
तो हसला.
रेडिओच्या खरखरीतून, दोन वर्षांनी.

गुरुवारी पाचच्या सुमारास रिअ‍ॅक्टर तापला.
टीं टीं टीं.
कॅप्टन म्हणाला, कुणीही हलायचं नाही.
मी हलले नाही.
टीं टीं टीं.
काय हुबेहूब आवाज काढलाय, मी मनात म्हटलं,
अगदी कॅबमध्येच वाजतोय जसा.
"दार्का! धूर! तुझ्या मागे धूर!"

बेअरिंग. लालबुंद.
आणि खालच्या भुश्यात एक ठिणगी,
मसुराएवढी.
मिरोन उभं पीक तुडवत पळत आला,
काखेत आग विझवायचा सिलिंडर, एका पायात बूट.
मग आम्ही दोघं पांढऱ्या पावडरीत उभे,
कणकेत लोळलेल्या पोरांसारखे.
"कानातलं बंद तरी केलंस का?"
"नाही."
"मग कॅप्टनचं काय झालं?"
"तुला माहीत आहे की."
"मला आहे. तुला विचारतोय."

नवं बेअरिंग सॅस्कटूनहून यायचं होतं.
पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो.
त्याने बरणीतल्या आंबवलेल्या काकड्या मध्ये ठेवल्या,
फोन काढला, पुस्तक तीन तास मागे नेलं,
माझ्या जागेवर आणून थांबवलं,
वेग एकपट.
"फारच हळू बोलतो हा."
"हा असाच बोलतो. तूच पळत होतास."

लेफ्टनंट दारापाशी आला.
हात कडीवर.
मी पाणबुडी सोडून
मिरोनच्या चेहऱ्याकडे बघायला लागले.
त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.
तरी मिशी हललीच.

अजून अकरा तास उरलेत.
मसूर, चारशे एकर.
पुरवून पुरवून ऐकायला हवं.